तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या मेटल बँडला जुना आवाज परत का सापडत नाही?

दोन प्रश्न सतत येतात. पहिला ऐकणाऱ्यांचा. वीस-तीस वर्षं वाजवणारा बँड जाहीर करतो की नवा अल्बम म्हणजे पहिल्या दिवसांकडे परतणं आहे. अल्बम येतो, रिफ (गिटारवर फिरून फिरून येणारे तुकडे) वेगवान असतात, मुखपृष्ठावर जुना लोगो असतो, आणि तरी काहीतरी बिनसलेलं वाटतं. ते नेमकं काय? दुसरा प्रश्न वाजवणाऱ्यांचा, आणि तो थेट असतो: आम्हाला तो आवाज हवाय, कुठलं पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची पेटी) घ्यायचं?

पेडलचं शेवटी बघू. बहुतेकांची गाडी तिथूनच सुटते आणि तिथेच अडकते.

'जुना आवाज' म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. गाणी कशी रचली आहेत, म्हणजे रिफ, वेग, ट्यूनिंग, सोलो, लांबी, ही एक. ध्वनिमुद्रण कसं झालं आहे, ही दुसरी. दोन्ही एकमेकींवाचून परत येऊ शकतात आणि बऱ्याचदा एकटीच येते. क्रिएटर या बँडने १९९९ च्या 'एंडोरामा'नंतर २००१ मध्ये 'व्हायोलंट रेव्होल्यूशन' काढला तेव्हा थ्रॅशचे, म्हणजे वेगवान, आक्रमक मेटलचे, रिफ परतले. आवाज मात्र निर्माता अँडी स्नीपच्या हातचा, अगदी त्या काळाचा, चकचकीत. त्याने काही बिघडलं नाही. एक्सोडस या बँडने उलट बाजूने जाऊन पाहिलं: १९८५ चा 'बाँडेड बाय ब्लड' अख्खा नव्याने वाजवून २००८ मध्ये 'लेट देअर बी ब्लड' या नावाने आणला. रिफ तेच, शब्द तेच. दोन्ही अल्बम शेजारी ठेवून ऐका. बदललेलं सगळं कागदावर न उतरणारं आहे, आणि या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. दोन्ही गोष्टी जमणार नसतील तर रचना आणि वाजवणं धरा, मुद्रण सोडा. उलट करणाऱ्यांचे अल्बम दोनदा ऐकून बाजूला पडतात.

सगळ्यात आधी साल ठरवा. 'सुरुवातीचा आवाज' हा एक आवाज नसतो. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला. मुद्रण आदल्या ऑक्टोबरात जेमतेम एका दिवसात उरकलं होतं आणि गिटार नेहमीच्या ई ट्यूनिंगमध्ये (सगळ्यात जाड तार ई सुराला) होती. गिटारवादक टोनी आयोमीने तारा तीन अर्धस्वर उतरवून सी शार्पवर आणल्या त्या १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मध्ये. कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली होती, आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबणारी बोटं तीच. सैल तारेवर त्या बोटांचे हाल कमी. आता पहिल्या अल्बमचा आवाज हवा म्हणून गिटार सी शार्पला उतरवणारा बँड प्रत्यक्षात तिसऱ्या अल्बमच्या मागे लागलेला असतो.

याच बँडच्या २०१३ च्या '१३' या अल्बमच्या वेळी निर्माता रिक रुबिनने त्यांना त्यांचाच पहिला अल्बम ऐकवून कामाला बसवलं. रिफ परतले, मंद चाल परतली. पण ड्रमवर मूळचा बिल वॉर्ड नव्हता, ब्रॅड विल्क होता. वॉर्डच्या हातात जॅझचा झोका होता. ठोका किंचित मागे रेलायचा आणि त्यावर रिफ झुलायचा. विल्क उत्तम ड्रमर आहे, पण तो सरळ चालतो. इतकी मोठी गोष्ट कुठल्याही अ‍ॅम्पने भरून निघत नाही.

म्हणून एक अल्बम निवडा, त्यातली तीन गाणी निवडा, आणि त्याची शक्यतो पहिली सीडी किंवा एलपी मिळवा. नंतरच्या 'रीमास्टर्ड' आवृत्त्या तुलनेला घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच नव्या काळाच्या जोराने दाबलेल्या असतात, म्हणजे नक्कल कोणाची करायची तेच चुकतं.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ती. पहिल्या अल्बममधली गाणी मुद्रणाआधी घासून गुळगुळीत झालेली असतात. मेटॅलिकाच्या 'किल एम ऑल'मधली (१९८३) बरीच गाणी १९८२ च्या 'नो लाइफ टिल लेदर' या डेमोत होतीच. एंटूम्डच्या 'लेफ्ट हँड पाथ'मधलं (१९९०) बरंचसं साहित्य त्याच मंडळींच्या निहिलिस्ट या आधीच्या बँडच्या डेमोंमधून आलेलं. ती गाणी सरावाच्या खोलीत आणि छोट्या मंचांवर इतक्या वेळा वाजलेली होती की कुठे श्वास घ्यायचा, कुठे घाई करायची, हे चौघांच्या अंगात मुरलं होतं. पंचवीस वर्षांनंतरचा अल्बम कसा बनतो? गिटारवादक घरी संगणकावर रिफ साठवतो, फाइल पाठवतो, ड्रमर दुसऱ्या शहरात त्यावर ठोके लावतो, आणि अख्खा बँड ते गाणं पहिल्यांदा एकत्र वाजवतो ते अल्बम निघाल्यानंतर, दौऱ्याच्या तयारीत. गाणं मुरायच्या आधीच त्याचा फोटो काढला जातो.

यावर उपाय स्वस्त आहे, फक्त कंटाळवाणा आहे. नऊ गाणी लिहा. सगळे एका खोलीत उभे राहून प्रत्येक गाणं किमान तीस वेळा पूर्ण वाजवा, बसून नाही. शक्य असेल तर त्यातली चार-पाच मुद्रणाआधीच कार्यक्रमात वाजवा. दर वेळी खोलीच्या मध्यावर एक फोन ठेवून रेकॉर्ड करा. दहाव्या वेळेपर्यंत जोड उघडे पडतात: संगणकावर दोन रिफ चिकटवले की मधला सांधा ड्रमरच्या हातांना जमत नाही, तो तिथे एक ठोका खातो किंवा एक ठोका वाढवतो. तो वाढवलेला ठोका ठेवा. जुन्या अल्बममधल्या ज्या विचित्र वळणांवर लोक जीव टाकतात, त्यातली कित्येक अशीच जन्मलेली असतात. आणि फोनवरचं ते घाणेरडं रेकॉर्डिंग ऐकताना मान हलत नसेल, तर स्टुडिओत काही होणार नाही. गाणं बदला.

लांबीचंही तसंच. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपलीकडे गेलं की खाच उथळ करावी लागते आणि जोर जातो, म्हणून तेव्हाचे अल्बम चाळीस मिनिटांच्या आसपास संपायचे. स्लेअरचा 'रेन इन ब्लड' (१९८६) दहा गाण्यांचा, पण अर्ध्या तासाच्या आतला. मेटॅलिकाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक', ज्याला सगळ्यांनी मुळांकडे परतणं म्हटलं, त्यातही दहाच गाणी आणि सुमारे ७५ मिनिटं. रिफ खरोखर जुन्या वळणाचे आहेत, फक्त प्रत्येक रिफ दोनदा जास्त येतो. कात्री लावायला कुणी शेजारी बसलेलं नसलं की असं होतं.

वेग मोजायला शिका. निवडलेलं जुनं गाणं लावा, टॅप टेम्पो (ठोक्यांवर बोट मारून वेग मोजणं) घ्या आणि कडवं, कोरस, सोलो, शेवट असा प्रत्येक भागाचा आकडा वेगळा लिहा. क्लिक (कानात ठोका देणारा मेट्रोनोम) न लावता वाजवलेल्या गाण्यात कोरसला तीन-चार बीपीएमने (मिनिटाला पडणारे ठोके) वर चढणं आणि मंद भागात तितकंच खाली बसणं नेहमीचं आहे. ऐकताना कुणाला 'वेग वाढला' असं जाणवत नाही, फक्त अंगावर येतं. तोच रिफ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच आकड्यावर खिळवला की तो नीटनेटका आणि मेलेला वाटतो. ड्रमरला क्लिकशिवाय भीती वाटत असेल, तर सरावातल्या चांगल्या रेकॉर्डिंगवरून टेम्पोचा नकाशा बनवा, प्रत्येक भागाचा आकडा वेगळा घाला आणि त्या हलत्या क्लिकवर वाजवा. अडचण एकच: नकाशा दर चार मापांनी बदलायला गेलात तर ड्रमर क्लिकचा पाठलाग करतो आणि गाणं आचके देतं. बदल भागांच्या सीमेवरच ठेवा.

पुढचा अडथळा हातांचा आहे. मेटॅलिकाच्या 'मास्टर ऑफ पपेट्स'चं शीर्षकगीत सुमारे २१२ बीपीएमवर आहे आणि मुख्य रिफ सगळा खालच्या दिशेच्या फटक्यांचा. म्हणजे सेकंदाला सात फटके, तेही पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून आवाज आखूड करणं) सांभाळत, साडेआठ मिनिटांच्या गाण्यात. पन्नाशीतल्या मनगटाला ते जड जातं. मग वादक नकळत खाली-वर वाजवू लागतो आणि म्हणतो, सूर तर तेच आहेत. सूर तेच असतात, पण वर जाणारा फटका हलका पडतो आणि तारेला वेगळ्या कोनातून लागतो. सगळ्या नोटांना सारखी धार येत नाही, रिफ घोड्यासारखा दुडकतो. हा फरक पाच सेकंदांत कळतो. त्यासाठी मनगट सैल ठेवा, कोपरापासून जोर काढू नका, पिक एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड घ्या आणि तारेच्या आत टोकच जाऊ द्या. सराव तुकड्यांत: लक्ष्यापेक्षा दहा बीपीएम जास्त वेगाने चार मापं, मग तितकीच विश्रांती, असं दहा मिनिटं. लक्ष्याच्या वेगाला पोहोचायला दोन-तीन महिने लागतात असं धरून चाला. अग्रबाहू जळायला लागला तर थांबा. दुखणं दाबून वाजवणाऱ्यांचे दौरे रद्द होतात. आणि जमत नसेल तर गाणं दहा बीपीएमने उतरवा, पण फटक्याची दिशा बदलू नका. हळू वाजलेलं खालचं पिकिंग वेगवान दुहेरी पिकिंगपेक्षा जास्त जुनं वाटतं.

तिथेच ट्यूनिंगचा हिशेब येतो, आणि तो सरळ अंकगणित आहे. २०० बीपीएमला सोळावी नोट ७५ मिलिसेकंद टिकते. मोकळी ई तार ८२ हर्ट्झची, म्हणजे त्या वेळात तिची सहाच आवर्तनं होतात. खालची बी ६२ हर्ट्झची. तिची साडेचारसुद्धा धड होतात न होतात. कानाला सूर ओळखायला वेळच मिळत नाही, ऐकू येतो तो नुसता ठोका. मधल्या वर्षांत गिटारी खाली उतरल्या तेव्हा रिफमधल्या नोटा आपोआप कमी झाल्या, कारण त्या वाचताच येत नव्हत्या. म्हणून थ्रॅश परत हवं असेल तर ई किंवा ई फ्लॅटला परत चढा. 'सेंट अँगर'नंतर (२००३) मेटॅलिकाने हेच केलं. तारा चढवताना गेज (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) बदला: ई ला १० ते ४६ पुरतो, डी ला ११ ते ५२-५४, बी ला १३ पासून ६० च्या पुढे. खालच्या ट्यूनिंगच्या जाड तारा तशाच ठेवून ई ला ओढल्या तर गळ्यावर नको इतका ताण पडतो, तार उंच उठते आणि डावा हात थकतो. गेज बदललं की ट्रस रॉड (गळ्यातली ताण सांभाळणारी सळई) आणि इंटोनेशन (गळ्यावर सगळीकडे सूर बरोबर लागणं) पुन्हा लावा, आणि जाड तारेसाठी नटची (गळ्याच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीची) खाच रुंद केलेली असेल तर बारीक तार त्यात खडखडते, नट बदलावा लागतो.

स्वीडनचा डेथ मेटल याला अपवाद. तिथे गिटारी बी ला किंवा त्याच्या आसपास उतरलेल्या, तरी रिफ कळतात, कारण सूर ओळखू येतो तो मुळाच्या कंपनाने नाही, पेडलने वर फेकलेल्या करवतीच्या आवाजाने.

आता ड्रम. नव्या-जुन्यातली सगळ्यात मोठी दरी इथे आहे, गिटारमध्ये नाही. सध्याची रीत अशी: प्रत्येक ड्रमला माइक, वाजवून झालं की प्रत्येक ठोका ग्रिडवर (संगणकावरच्या समान अंतराच्या रेघांवर) सरकवायचा आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) व स्नेअर (मधला खणखणीत ड्रम) यांच्या जागी आधी साठवलेला एकच नमुना चिकटवायचा. परिणाम म्हणजे वेगवान दुहेरी किक टंकलेखन यंत्रासारखी टकटकते. जुन्या अल्बममध्ये पाय जितके वेगात, तितका प्रत्येक ठोका हलका. किक मागे सरते आणि गिटार पुढे येते. ते मिक्सिंगचं कौशल्य नव्हतं, ते शरीर होतं. नमुना चिकटवला की दोनशे बीपीएमलाही प्रत्येक किक पूर्ण ताकदीची, आणि मग तिच्यासाठी गिटारमधून खालचा भाग कापावा लागतो. गिटार बारीक झाली म्हणून अ‍ॅम्पला दोष दिला जातो. चोर असतो किक.

काय करायचं: गाणं पूर्ण तीन वेळा घ्या, बास आणि मार्गदर्शक गिटार त्याच वेळी वाजत असताना. सगळ्यात चांगला टेक निवडा, कोसळलेला भाग दुसऱ्या टेकमधून आणा, बाकीचं सोडून द्या. ग्रिड लावू नका. दहा-पंधरा मिलिसेकंदांचं मागेपुढे होणं हाच तर ड्रमरचा आवाज असतो. स्नेअरची खाल दोन पदरी, मुद्रणाच्या आदल्या संध्याकाळी बदला म्हणजे रात्रभरात बसेल. जोरात वाजवणाऱ्याला ती दोन दिवसांनी पुन्हा बदलावी लागते. किकला फेल्टचा बीटर लावा. लाकूड किंवा प्लास्टिकने तीन-चार किलोहर्ट्झवर जी टिकटिक येते ती नंतरच्या काळाची खूण आहे. डोक्यावरचे दोन माइक स्नेअरच्या मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर हवेत, एक दोरी घेऊन मोजा; नजरेच्या अंदाजाने लावले की स्नेअर एका बाजूला कलतो आणि पोकळ होतो. स्नेअरच्या खालच्या माइकची पोलॅरिटी उलटी करा. खोलीचे दोन माइक तीन-चार मीटरवर. छत बुटकं असेल तर सिंबल कानात घुसतात. इक्वलायझरने त्यावर इलाज होत नाही. जाड, गडद सिंबल घ्या आणि ड्रमरला सांगा की हाय-हॅट निम्म्या जोराने आणि स्नेअर दुप्पट जोराने मार. हे सांगायला कोणालाच धीर होत नाही, पण खोलीतला आवाज यानेच सुधारतो.

नमुना लागलाच तर तो त्याच किटचा असू द्या. मुद्रणाआधी प्रत्येक ड्रम वेगवेगळ्या जोराने दहा-बारा वेळा वाजवून ठेवा आणि नंतर मूळ आवाजाखाली थोडासा मिसळा. मिसळलाय हे ऐकू आलं तर जास्त झालाय.

प्रतिध्वनीबद्दल सरसकट काही सांगता येत नाही. १९८० च्या दशकातल्या पुष्कळ अल्बममध्ये स्नेअरवर लांब शेपूट आहे, तर 'रेन इन ब्लड'मध्ये रिक रुबिन आणि इंजिनियर अँडी वॉलेस यांनी ती जवळजवळ काढूनच टाकली. त्या वेगाला प्रतिध्वनी म्हणजे चिखल, म्हणून तो निर्णय बरोबर. तुमचं साल कुठलं यावर ठरवा.

गिटारमध्ये सगळ्यात मोठी चूक गेनची (आवाज किती फाटेल, म्हणजे विकृती किती, ते ठरवणारा नॉब). एकट्या गिटारला भरदार वाटेल इतका गेन चार थरांत पिठल्यासारखा होतो. नॉब जिथे ठेवावासा वाटतो त्यापेक्षा एक चतुर्थांश कमी करा. फटक्याची धार परत येते आणि चुकाही ऐकू येतात, म्हणजे वाजवावं लागतं. डावी बाजू एकदा, उजवी बाजू एकदा, दोन्ही खरोखर वाजवलेल्या. एकाच टेकची प्रत दुसऱ्या बाजूला ठेवली तर रुंदी येत नाही, गिटार मध्यभागीच बसते; प्रत थोडी उशिरा सरकवून फसवायला गेलात तर एका स्पीकरवर ऐकताना पोकळी पडते. घट्टपणा हवा असेल तर दोन्ही बाजू एकाच हाताने वाजवा. 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये ऱ्हिदम गिटार जवळजवळ सगळी जेम्स हेटफिल्डची आहे, ती भिंत एकसंध वाटते ती त्यामुळे. दुसऱ्या गिटारवादकाला हे सांगणं अवघड, तो वेगळा विषय.

मार्शल जेसीएम ८०० सारख्या अ‍ॅम्पपुढे ट्यूब स्क्रीमर लावतात तो विकृती वाढवायला नाही. त्याचा ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. हे पेडल सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग अ‍ॅम्पमध्ये जाण्याआधी हलका करतं, म्हणून पाम म्यूट घट्ट बसतात. स्पीकरच्या जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर एक एसएम ५७ माइक, मधल्या टोपीच्या कडेवर. इक्वलायझरला हात लावण्याआधी माइक एक सेंटिमीटर बाहेर सरकवून ऐका. आणि स्पीकरचं साल बघा. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० नावाने जुना असला तरी १९८६ चा आहे. त्याआधीचा आवाज जी १२-६५ किंवा जी १२टी-७५ सारख्या स्पीकरचा. अ‍ॅम्पवर महिना घालवणारे लोक स्पीकर विसरतात, हे मला कधीच समजलेलं नाही.

बासबद्दल फार नाही. गिटारी विकृत असतील तर तळ बासनेच भरायचा, आणि तो पिकने, गिटारच्या फटक्याला चिकटून.

आवाज, म्हणजे गळा. पॅराडाइज लॉस्टने 'गॉथिक'च्या (१९९१) काळातली गुरगुर सोडून १९९९ च्या 'होस्ट'मध्ये जवळजवळ इलेक्ट्रॉनिक संगीत गाठलं होतं. २०१५ च्या 'द प्लेग विदिन'मध्ये गायक निक होम्स पुन्हा गुरगुरला. तो त्याआधी, २०१४ मध्ये, ब्लडबाथ या डेथ मेटल बँडमध्ये सामील झाला होता, आणि मला वाटतं ती तालीमच उपयोगी पडली. ओपेथमध्ये २००८ च्या 'वॉटरशेड'नंतर ग्रोल, म्हणजे तीच गुरगुर, अल्बमवर आला तो थेट २०२४ मध्ये. दोन्हीकडे गळा आधीपेक्षा खोल आणि शब्द जास्त स्पष्ट आहेत, म्हणजे वय इथे आड येत नाही. आड येते घाई. लांब खंडानंतर आठ ते बारा आठवडे द्या, रोज पंधरा मिनिटं, आधी साध्या स्वराने गळा गरम करून. कमी आवाजात ग्रोल धरता आला तर तंत्र बरोबर आहे. नुसता ओरडूनच येत असेल तर स्वरतंतूंवर घासला जातोय. दुखलं, खोकला आला, दुसऱ्या दिवशी बोलताना घोगरेपणा राहिला, की दोन दिवस पूर्ण थांबायचं. मुद्रणात दिवसाला दोन गाणी, जास्त नाही. आणि थर चढवू नका. जुन्या अल्बममध्ये एक गळा आणि मागे शंभर-एकशेवीस मिलिसेकंदांचा छोटा प्रतिध्वनी एवढंच बहुतेक वेळा असतं. सहा थरांचा ग्रोल मोठा वाटतो, पण माणसाचा वाटत नाही.

उंच स्वरात गाणाऱ्यांचं वेगळं आहे. विशीतला स्वर चाळीस वर्षांनी येत नाही, आणि संगणकाने वर ओढला की गळ्याचा आकारच बदलल्यासारखा ऐकू येतो. नवं गाणं लिहितानाच चाल दोन-तीन स्वर खाली ठेवा आणि एखादी किंकाळी शेवटच्या कडव्यासाठी राखा. पहिल्या ओळीपासून वर टांगून घेतलंत तर दौऱ्यात पूर्ण बँडला ट्यूनिंग उतरवावं लागतं.

जाता जाता, कच्च्या आवाजाच्या ब्लॅक मेटलबद्दल. डार्कथ्रोनचा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' (१९९४) चार ट्रॅकच्या यंत्रावर झालेला आहे. आता लोक चाळीस ट्रॅक स्वच्छ मुद्रित करतात आणि मग इक्वलायझरने घाण करतात. तशी घाण वरून टाकलेल्या धुळीसारखी दिसते. चारच ट्रॅक घ्या, ड्रम दोन माइकवर, निर्णय तिथल्या तिथे. कॅसेटवर करत असाल तर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नॉइज रिडक्शन बंद ठेवा, आणि सगळे ट्रॅक एकाच यंत्रावर घ्या, नाहीतर फिरण्याचा वेग जुळत नाही आणि गिटार ट्यूनबाहेर जाते.

मग येतं मास्टरिंग (तयार मिक्सवरून फिरणारा शेवटचा हात), जिथे जमलेलं काम बिघडतं. 'डेथ मॅग्नेटिक' हे याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. सीडीवरचा आवाज इतका दाबला होता की स्नेअरच्या प्रत्येक ठोक्याला तो फाटतो. त्याच वेळी 'गिटार हिरो' या खेळासाठी दिलेल्या ट्रॅकवर ती अखेरची दाबणी नव्हती, आणि चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं: डायनॅमिक रेंजच्या मोजपट्टीवर सीडी सुमारे ३, खेळातली आवृत्ती सुमारे १२. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सनने तेव्हा म्हटलं होतं की मिक्स त्याच्याकडे आलं तेच भिंतीला टेकलेलं होतं. म्हणजे जुन्या वळणाची गाणी, जुनं ट्यूनिंग, एवढं सगळं आणून शेवटच्या टप्प्यात ती २००८ ची केली गेली.

लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं यंत्र) आधी स्नेअर खातो. ठोक्याचं टोक कापलं जातं, मग तो मागे गेला म्हणून मिक्समध्ये वर करतात, मग लिमिटर आणखी दाबतो. यातून बाहेर पडायला मिक्सच्या मुख्य वाहिनीवर लिमिटर ठेवूनच ऐकायची सवय मोडा आणि मास्टरिंगला फाइल पाठवताना तो काढा. सहा डेसिबल मोकळी जागा सोडा. मास्टर उणे १० किंवा ११ एलयूएफएसच्या (सरासरी मोठेपणाचं माप) वर नेऊ नका, शिखर उणे १ डेसिबलवर. स्पॉटिफाय सगळं उणे १४ च्या आसपास आणून वाजवतं, त्यामुळे जास्त दाबलेला अल्बम तिथे मोठा वाटतच नाही, फक्त चपटा वाटतो. तपासायचं कसं? तुमचं गाणं आणि निवडलेला जुना अल्बम शेजारी लावा, आणि तुमचं गाणं डेसिबलने खाली आणत जुन्याच्या पातळीला आणा. बहुतेक वेळा सहा-आठ डेसिबल खाली यावं लागतं, आणि त्या पातळीला तुमचा स्नेअर जुन्यापेक्षा लहान वाटला तर काम परत मास्टरिंगला पाठवा.

आता पेडल. स्वीडिश आवाजाबद्दल विचारत असाल तर उत्तर एका ओळीचं आहे: बॉस एचएम-२, सगळे नॉब पूर्ण उजवीकडे. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्गने एंटूम्ड आणि डिसमेंबरचे पहिले अल्बम याच करवतीवर केले. अ‍ॅम्प अगदी स्वच्छ नको आणि पूर्ण तापलेलाही नको, जरासा खरखरता हवा. स्वच्छ अ‍ॅम्पवर माशीची भुणभुण येते, तापलेल्यावर नुसता गाळ. हे पेडल एक किलोहर्ट्झच्या आसपास जोरदार उसळतं, म्हणून मिक्समध्ये गिटारचा तो भाग कापायला जाऊ नका, तोच भाग तर विकत घेतलाय. नॉइज गेट (वाजत नसताना खरखर बंद करणारं यंत्र) पेडलच्या नंतर ठेवा, वाजत नसताना ते शांत बसणारं यंत्र नाही. बॉसने पुढे वाझा क्राफ्ट मालिकेत ते नव्याने काढलं आणि कामाला ते पुरतं. जुनंच हवं असेल, १९८३ ते १९९१ मधलं, तर एक गोष्ट बघा: त्या काळातल्या अनेक बॉस पेडलवर अ‍ॅडॅप्टरच्या भोकाजवळ 'एसीए' लिहिलेलं असतं. त्याला आजचा ९ व्होल्टचा साधा अ‍ॅडॅप्टर लावला की आत व्होल्टेज कमी पडतं, आवाज बसतो, आणि माणूस पेडल खराब समजून परत करतो. परत करण्याआधी ताजी बॅटरी घालून वाजवून बघा.